'पिता का?' एवढंच नको, 'काय काय पिता?' असंही विचारा

लिपिड प्रोफाइल पाहून आहाराचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर आणि आहारतज्ज्ञहो,

सप्रेम नमस्कार.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. तुम्ही चिठ्ठीवर 'लिपिड प्रोफाइल, उपाशीपोटी' असं लिहिता, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी. त्यानंतर ते रक्त काढणं, मशीनला लावणं आणि रिपोर्ट छापणं हे माझं रोजचं काम. निदान करणं माझ्या कामात बसत नाही आणि तुमच्या अभ्यासाशी बरोबरी करायचा विचारही माझ्या मनात नाही. पण एकवीस वर्षं हेच रिपोर्ट हातून जाताना एक गोष्ट सतत खटकत आली आहे. ती तुमच्यापर्यंत पोचवल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहिते आहे.

रिपोर्टवर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेलं असतं, एचडीएल, म्हणजे ज्याला 'चांगलं' कोलेस्टेरॉल म्हणतात ते, घसरलेलं असतं आणि पेशंटच्या हातातल्या सल्ल्याच्या कागदावर लिहिलेलं असतं: तेल कमी, लोणी बंद, अंड्याचा बलक बंद, तळलेलं बंद. साखरेचं नाव त्या कागदावर शोधूनही सापडत नाही. रक्त काढताना मी कधी सहज विचारलंच, तर पेशंट म्हणतात, "माझी शुगर नॉर्मल आहे हो, मग साखरेचं काय?" रक्तातली साखर आणि खाण्यातली साखर यांची अशी गल्लत घेऊन माणसं घरी जातात. साखर डायबेटिसवाल्यांची, चरबी हार्टवाल्यांची, अशी वाटणी लोकांच्या डोक्यात पक्की बसली आहे. ती मोडायची ताकद तुमच्या शब्दात आहे, माझ्या नाही.

मला यातलं जे कळलं ते पुस्तकाआधी ट्यूबमध्ये दिसलं. रक्त गोठलं की आम्ही ट्यूब सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवतो. खाली लाल गाठ बसते, वर सीरम येतं. एरवी हे सीरम फिकट पिवळं आणि नितळ असतं. ट्यूबमागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. ट्रायग्लिसराइड दर डेसिलिटरला 300 मिलिग्रॅमच्या पुढे सरकू लागलं की ती अक्षरं पुसट व्हायला लागतात. हजाराच्या घरात गेलं की सीरम आणि दूध शेजारी ठेवलं तर फरक सांगता येऊ नये, इतकं ते पांढरं होतं. अशा सॅम्पलची एक जुनी परीक्षा आहे. ट्यूब फ्रिजमध्ये रात्रभर न हलवता उभी ठेवायची आणि सकाळी बघायची. वर सायीसारखा थर आला असेल तर ते कायलोमायक्रॉन, म्हणजे जेवणातली चरबी आतड्यातून रक्तात आलेली. थर न येता सगळं सीरम एकसारखं गढूळच राहिलं असेल, तर ते व्हीएलडीएल, म्हणजे यकृताने स्वतः बांधून रक्तात सोडलेली चरबी. कधी दोन्ही एकत्र असतात. पण बारा तास उपाशी असलेल्या माणसाच्या ट्यूबमध्ये मला साय क्वचितच दिसली आहे. बहुतेक वेळा दिसतो तो नुसता गढूळपणा. आदल्या रात्री खाल्लेलं लोणी त्या ट्यूबमध्ये नसतं. जे असतं ते यकृताच्या कारखान्यातून आलेलं असतं. आणि आपण मात्र पेशंटला फक्त लोण्याबद्दल विचारतो.

यकृत ही चरबी आणतं कुठून, याचं एक मोजमाप 2005 साली फॅटी लिव्हर असलेल्या मोजक्या रुग्णांवर झालं होतं. त्यांच्या यकृतातल्या चरबीपैकी सुमारे 59 टक्के चरबी शरीरात आधीच साठलेल्या मेदातून आली होती, सुमारे 26 टक्के यकृताने नव्याने तयार केली होती आणि थेट आहारातल्या चरबीचा वाटा सुमारे 15 टक्के होता. रुग्ण थोडे होते, आणि निरोगी माणसात नव्याने बनणाऱ्या चरबीचा वाटा बराच कमी असतो. पण ज्यांचे रिपोर्ट बिघडलेले असतात ती माणसं बहुतेक याच प्रकारची, पोटाचा घेर वाढलेली आणि इन्सुलिनला दाद न देणारी. त्यांच्या यकृतात नवी चरबी बनते आहे आणि तिच्या कच्च्या मालात पिष्टाबरोबर साखरेचा वाटा मोठा आहे.

पुढचं तुम्हाला पाठ असेल, तरी हे पत्र पेशंटही वाचतील म्हणून साध्या शब्दांत लिहिते. आपली नेहमीची साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोज शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी वापरते, आणि यकृतात शिरलेल्या ग्लुकोजवर एका विकराचा (एन्झाइमचा) पहारा असतो. पेशीकडे ऊर्जा पुरेशी असली की तो पहारेकरी वेग कमी करतो. फ्रुक्टोजचं तसं नाही. ते मोठ्या प्रमाणात आलं की बहुतांश यकृताच्याच वाट्याला येतं, आणि तिथे या पहाऱ्याला वळसा घालून आत जातं. गरज असो वा नसो, त्याचं विघटन होत राहतं. जादा झालेल्या मालाचं यकृत काही अंशी फॅटी अॅसिडमध्ये रूपांतर करतं. त्याहून मोठी अडचण अशी की चरबी बनायला सुरुवात झाली, की बनण्याच्या वाटेवरचाच एक पदार्थ चरबी जाळण्याच्या वाटेला आडवा येतो. यकृतात चरबी तयारही होते आणि जळायचीही थांबते. साठलेली चरबी मग व्हीएलडीएलच्या कणांत भरून रक्तात सोडली जाते.

इथपर्यंत ट्रायग्लिसराइडची एकच ओळ बिघडते. पण रक्तात कण एकमेकांशी देवाणघेवाण करतात. व्हीएलडीएल आपलं ट्रायग्लिसराइड एचडीएलला देतं आणि बदल्यात कोलेस्टेरॉल घेतं. ट्रायग्लिसराइडने भरलेलं एचडीएल यकृतातल्या विकराच्या तावडीत सापडून लहान होतं आणि लवकर रक्ताबाहेर जातं, म्हणून एचडीएलचा आकडा खाली येतो. हाच व्यवहार एलडीएलशी, म्हणजे ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात त्याच्याशीही होतो आणि त्याचे कण लहान आणि घट्ट होतात. अशा कणांत प्रत्येकी कोलेस्टेरॉल कमी मावतं. त्यामुळे कणांची संख्या वाढलेली असली तरी एलडीएल कोलेस्टेरॉलचा आकडा ठीकठाक दिसू शकतो.

या 'ठीकठाक' आकड्याबद्दलच मला जास्त सांगायचं आहे, कारण तो आमच्या लॅबमधून बाहेर पडतो. अनेक ठिकाणी एलडीएल प्रत्यक्ष मोजलं जात नाही, 1972 सालच्या फ्रीडेवाल्ड सूत्राने काढलं जातं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. रिपोर्टवर 'व्हीएलडीएल' म्हणून जी स्वतंत्र ओळ छापलेली असते, तीही बहुतेक वेळा मोजलेली नसते. तो ट्रायग्लिसराइडला पाचाने भागून आलेला आकडा असतो. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की हे सूत्र लागूच पडत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच्या बरंच आधीही ते एलडीएल प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवायला लागतं.

एक उदाहरण सांगते. मध्यमवयीन ताई होत्या, ओळख पटणार नाही इतपतच सांगते. पहिल्या रिपोर्टला एकूण कोलेस्टेरॉल 208, ट्रायग्लिसराइड 286, एचडीएल 36 आणि सूत्राने एलडीएल 115. सल्ला मिळाला: चरबी बंद. तीन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. दंडाला पट्टा बांधताना मी म्हटलं, "ताई, पथ्य पाळलंत ना?" त्यांचे डोळेच भरून आले. "लोणी घरातून हद्दपार केलंय. अंडं नाही, तळलेलं नाही. बिस्किटंसुद्धा फॅट-फ्री आणते. सकाळी नाश्त्याऐवजी फळांच्या रसाचा मोठा ग्लास घेते, संध्याकाळी अजून एक." त्यांचं सीरम पहिल्या वेळेपेक्षा जास्त गढूळ निघालं. एकूण कोलेस्टेरॉल 214, ट्रायग्लिसराइड 342, एचडीएल 34, सूत्राने एलडीएल 112.

एलडीएल 115 वरून 112. कागदावर सुधारणा! एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केलं, म्हणजे नॉन-एचडीएल (एचडीएल सोडून बाकी सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल) पाहिलं, तर ते 172 वरून 180 वर गेलं होतं. या वजाबाकीला ना जादा रक्त लागतं ना जादा रसायन, पण तो आकडा त्या रिपोर्टवर छापलेला नव्हता. हा आमच्या बाजूचा दोष आहे आणि मी तो कबूल करते.

अडीचशे मिलिलिटर फळांच्या रसात, वरून साखर न घालताही, साधारण 20 ते 25 ग्रॅम साखर असते. फळ चावून खाल्लं तर तंतू सोबत येतात, पोट भरतं आणि साखर हळूहळू पोचते. तीन-चार फळांचा रस मात्र दोन मिनिटांत पोटात जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये 'मुक्त साखरे'ची मर्यादा रोजच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत सांगितली आणि 5 टक्क्यांच्या आत आणता आली तर आणखी बरं, असं म्हटलं. 2000 कॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे 50 आणि 25 ग्रॅम होतात. मध, सरबतं आणि फळांचे रस या मुक्त साखरेतच मोजले जातात. त्या ताईंनी आपल्या समजुतीप्रमाणे पथ्य पाळलं होतं, आणि नुसत्या दोन ग्लासांतच 50 ग्रॅमच्या मर्यादेला जाऊन टेकल्या होत्या. त्यांना दोष कसा देणार? कागदावर रसाचं नावच नव्हतं.

हे एका बाईचं उदाहरण झालं, त्यावरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळतं. पण मोठ्या अभ्यासांतही तेच दिसतं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत 6,113 प्रौढांचा आहार आणि रक्त यांची सांगड घातली होती. वरून घातलेल्या साखरेतून 5 टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा घेणाऱ्यांचं सरासरी एचडीएल 58.7 होतं, 25 टक्के किंवा अधिक घेणाऱ्यांचं 47.7. ट्रायग्लिसराइड 105 विरुद्ध 114. ही नुसती पाहणी होती, साखर जास्त खाणाऱ्यांच्या इतर सवयीही वेगळ्या असतात, असा आक्षेप तुम्ही घ्याल आणि तो रास्त आहे. म्हणून 2015 चा प्रयोग पाहा. 85 तरुण प्रौढांना दोन आठवडे गोड पेयं दिली, ऊर्जेच्या गरजेच्या 0, 10, 17.5 किंवा 25 टक्के साखर जास्त फ्रुक्टोजच्या कॉर्न सिरपमधून जाईल अशी. साखर जसजशी वाढली तसतसं जेवणानंतरचं ट्रायग्लिसराइड वाढलं आणि एलडीएलसुद्धा वाढलं: 10 टक्क्यांच्या गटात सुमारे 7 मिलिग्रॅम, 25 टक्क्यांच्या गटात सुमारे 16. अवघ्या दोन आठवड्यांत! साखरेचा एलडीएलशी काही संबंध नाही असं जे सर्रास बोललं जातं, ते या आकड्यांपुढे टिकत नाही.

उलट दिशेचाही एक प्रयोग आहे. लठ्ठपणा आणि चयापचयाच्या तक्रारी असलेल्या 43 मुलांच्या आहारातली साखर नऊ दिवसांसाठी कमी केली आणि तेवढ्याच कॅलरी पिष्टमय पदार्थांतून दिल्या. वजन घटू नये याची काळजी घेतली होती. ट्रायग्लिसराइड 46 टक्क्यांनी उतरलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे त्यातलं उणं. तरीही नऊ दिवस हा आकडा माझ्या मनात घर करून राहिला आहे. व्हीएलडीएलचे कण रक्तात काही तासच राहतात. कारखान्याचा पुरवठा आटला की सीरम नितळ व्हायला फार दिवस लागत नाहीत. ज्या माणसाला 'आता आयुष्यभर हेच' असं वाटून धसका बसलेला असतो, त्याला हे सांगून पाहा.

साखरेचं नाव कागदावर का आलं नसावं, याचाही थोडा इतिहास आहे. पिष्टमय आणि गोड आहाराने ट्रायग्लिसराइड वाढतं हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत एडवर्ड आहरेन्स यांनी 1961 मध्येच दाखवलं होतं. ब्रिटनमध्ये आहारशास्त्रज्ञ जॉन युडकिन साखरेकडे बोट दाखवत होते. 1967 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा एक आढावा आला. त्यात साखरेवरच्या पुराव्याला कमी लेखलं आणि भर चरबी आणि कोलेस्टेरॉलवर दिला. त्या आढाव्यासाठी साखर उद्योगाच्या शुगर रिसर्च फाउंडेशनने 6,500 डॉलर दिले होते. ही गोष्ट जुन्या कागदपत्रांतून शोधून 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. आर्थिक हितसंबंध जाहीर करण्याचा नियम तेव्हा त्या नियतकालिकात नव्हता, हेही सांगायला हवं. तुमच्यापैकी कुणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पण त्या काळात रुळलेला 'चरबी बंद'चा कागद आजही झेरॉक्स होऊन फिरतो आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायलाच हवी, नाहीतर माझ्या पत्राचा उलटा अर्थ काढला जाईल. चरबी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. संपृक्त चरबीने एलडीएल वाढतं आणि एलडीएलने धमन्या खराब होतात, यात शंका नाही. साखर सोडली म्हणून कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी सोडायची, असं कुणी यातून समजू नये. ट्रायग्लिसराइड वाढायला दारू, अनियंत्रित मधुमेह, मंदावलेलं थायरॉइड, मूत्रपिंडाचे आजार, काही औषधं आणि घराण्यातून आलेला दोष अशी इतर कारणंही असतात. हजाराच्या पुढे गेलेल्या ट्रायग्लिसराइडने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, तिथे तर आहारातली चरबीही कडकपणे तोडावी लागते. प्रमाणाचंही भान हवं. अनेक प्रयोग एकत्र करून 2014 मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात जास्त साखरेने वाढलेलं ट्रायग्लिसराइड सरासरी 10 मिलिग्रॅमच्या आसपास होतं आणि एलडीएल 5 च्या आसपास. सरासरी लहान आहे. पण माझ्यासमोर सुई टोचून घ्यायला सरासरी येत नाही. कुणाचं यकृत दोन ग्लास रस पचवून नेतं, कुणाचं सीरम त्याच दोन ग्लासांनी गढूळ होतं. कोण कुठल्या गटातलं, हे विचारल्याशिवाय कसं कळणार?

त्या ताई दुसरा रिपोर्ट घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी या वेळी नेहमीचं "पिता का?" विचारलं आणि त्यांनी नेहमीसारखी ठाम मान हलवली. मग डॉक्टर म्हणाले, "दारूचं झालं. बाकी दिवसभरात काय काय पिता, ते सांगा." आणि तिथे रस निघाला, चहातले चमचे निघाले, बिस्किटांवरून बोलणं निघालं. ताईंनीच हे मला तिसऱ्या वेळी रक्त द्यायला आल्यावर सांगितलं. त्यांनी रस बंद करून फळं खायला सुरुवात केली होती, बिस्किटं सोडली होती, चहातली साखर एका चमच्यावर आणली होती. थोडं वजनही उतरलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय साखरेला देता येणार नाही. ट्रायग्लिसराइड 171, एचडीएल 38, एकूण 196, नॉन-एचडीएल 158. सूत्राचं एलडीएल मात्र 124, आधीपेक्षा जास्त! वाढलेला आकडा बघून त्या घाबरल्या. हेही तुम्ही आधी सांगून ठेवलंत तर बरं होईल: ट्रायग्लिसराइड उतरलं की हे एलडीएल वर गेलेलं दिसू शकतं, आणि अशा वेळी नॉन-एचडीएल बघून काय ते ठरवायचं असतं.

माझं मागणं फार मोठं नाही. सल्ल्याच्या छापील कागदावर तेलाच्या ओळीखाली साखरेची एक ओळ घाला. तिच्यात 'गोड कमी' असं मोघम लिहू नका, कारण गोड म्हटलं की लोकांना फक्त मिठाई आठवते. रस, सरबत, शीतपेय, मध, गोड केलेलं दही, फॅट-फ्री बिस्किट अशी नावं घ्या. पाकिटावर 'चरबी नाही' लिहिलेलं असलं तरी मागच्या बाजूला साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन हे शब्द शोधायला शिकवा. 330 मिलिलिटरच्या शीतपेयाच्या डब्यात साधारण 35 ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळपास नऊ चमचे, हे एकदा चमच्यांत मोजून सांगा. ग्रॅम कुणाच्या लक्षात राहत नाहीत. आणि चिठ्ठीवर 'नॉन-एचडीएल छापा' असं लिहून आमच्या लॅबला दटावा. तुम्ही मागितलं की आम्हाला द्यावंच लागेल.

कधी वेळ काढून एखाद्या सकाळी लॅबमध्ये या. फ्रिजमध्ये रात्रभर उभी ठेवलेली एखादी गढूळ ट्यूब बहुतेक दिवशी असतेच. तिच्यामागे छापील कागद धरून दाखवते.

आपली नम्र,
एक लॅब तंत्रज्ञ